शेवटपर्यंत केलं…

आमच्या शनिवार पेठेत ‘प्रेम’ हा शब्द मोठ्यानं उच्चारायचा नसे. सिनेमाच्या पोस्टरवर तो चाले, कीर्तनात चाले, शाळेच्या निबंधात ‘देशप्रेम’ म्हणून तर फारच चाले. पण वाड्यात, चारचौघांत, हाडामांसाच्या माणसांबद्दल बोलताना तो कुणी वापरला, की ऐकणाऱ्यांच्या भुवया वर जात. ‘अमक्यांच्या मुलीचं प्रेम आहे म्हणे’ याचा अर्थ अमक्यांच्या घरी सध्या रडारड चालू आहे, एवढाच घ्यायचा असे. नवरा-बायकोच्या संदर्भात तर हा शब्द मी लहानपणी कधी ऐकलाच नाही. त्यांचं ‘पटतं’ किंवा ‘पटत नाही’, इतक्यावर विषय संपे.

आता याचा अर्थ आमच्या वाड्यात प्रेम नव्हतं, असा मात्र नाही. ओंकारेश्वराच्या बाजूला, नदीकडे उतरत जाणाऱ्या बोळातला तो तेरा बिऱ्हाडांचा वाडा. दोन नळ, एक हौद, मागे संडासांची रांग आणि भिंतींना कान. इतक्या जवळ राहणारी माणसं एकमेकांवर जीव लावल्याशिवाय किंवा एकमेकांचा जीव घेतल्याशिवाय राहूच शकत नाहीत. दोन्ही प्रकार यथास्थित चालत. मग या माणसांनी प्रेमाचे निरनिराळे प्रकार ओळखले तरी कसे, हा प्रश्न मला गेली काही वर्षं पडत आला आहे.

शहाण्यासुरत्या माणसांनी या विषयावर पुष्कळ लिहून ठेवलं आहे. ग्रीकांकडे प्रेमासाठी निरनिराळे शब्द होते. त्यांतले चार घेऊन सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकानं १९६० साली एक अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे सोळाव्या शतकात रूप गोस्वामींनी भक्तीचे शांत, दास्य, सख्य, वात्सल्य आणि माधुर्य असे पाच भाव सांगितले. आमच्या वाड्यात यातलं कुणी काही वाचलेलं नव्हतं. पण वर्गवारी पक्की होती. फक्त ती क्रियापदांत होती.

तुम्हीच आठवून पाहा. प्रेम ‘बसतं’, नाहीतर ‘जडतं’. ते आपोआप होतं, माणसाचा त्यात फारसा इलाज नसतो. (‘प्रेमात पडणं’ हा प्रयोग मला अजून इंग्रजी वळणाचा वाटतो, आमच्याकडे माणसं हौदात पडत.) लळा ‘लागतो’. तो बहुधा लहान मुलांना, मांजरांना आणि म्हाताऱ्यांना लागतो, आणि लागल्यावर सुटत नाही म्हणून आधीच जपून असावं लागतं. ‘लळा लावू नकोस हो, उद्या त्यांची बदली झाली म्हणजे?’ हे वाक्य मी आईच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं आहे. माया ‘करतात’. ती ठरवून, रोज, थोडी थोडी करायची असते. ओढ ‘असते’. जीव ‘लावतात’, ‘टाकतात’, ‘ओवाळून टाकतात’, आणि कधीकधी तो नुसताच ‘तुटतो’. काय आपसूक होतं आणि काय आपल्याला करावं लागतं, यातला फरक आमच्या वाड्यातल्या चौथी शिकलेल्या बायकांनाही पक्का ठाऊक होता.

माया या शब्दाची तर गंमतच आहे. वेदान्त्यांच्या हातात तो गेला की जग खोटं ठरतं, आणि लाच खाणाऱ्याच्या हाती गेला की ‘बरीच माया जमवलीन’ असं होतं. पण शिवणकाम येणाऱ्या बायकांना विचारा. शिलाईच्या बाहेर जे जास्तीचं कापड ठेवतात, त्यालाही माया म्हणतात. ‘परकराला माया ठेव गं, पोर वाढतेय.’ पुढे लागेल म्हणून आज आत दुमडून ठेवायचं, वरून दिसू द्यायचं नाही. हा शब्द शिवणात कोणत्या वाटेनं आला, ते भाषाशास्त्रज्ञ सांगतील. मला तो तिथे शोभून दिसतो.

पत्रांच्या मायन्यांतही हीच बारकाई होती. थोरांना शिरसाष्टांग नमस्कार, बरोबरीच्यांना सप्रेम नमस्कार, धाकट्यांना अनेक उत्तम आशीर्वाद, आणि शेवटी सर्वांनाच ‘लोभ असावा’. स्वतःचे आईवडील ‘तीर्थरूप’. जे आईवडिलांसारखे, पण आईवडील नव्हेत, ते ‘तीर्थस्वरूप’. एका ‘स्व’चा फरक. शाळेत यासाठी मार्क कापले जात. पोस्टकार्ड गेलं आणि मायनेही गेले. माझी नात बंगळूरहून फोन ठेवताना ‘लव्ह यू आजी’ म्हणते, मैत्रिणीलाही म्हणते, कुत्र्यालाही म्हणते. माझी तक्रार नाही. ती मनापासून म्हणते, हे आवाजात कळतं. मी मात्र अजून ‘जेवलीस का?’ यापुढे जाऊ शकलेले नाही.

शनिवारवाड्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला प्रेमाचा विषय निघाला की बाजीराव-मस्तानी टाळून पुढे जाता येत नाही. वाड्याची पायाभरणी १७३० ची. पाच दरवाज्यांपैकी उत्तरेकडच्या तटातला एक मस्तानी दरवाजा. कागदोपत्री त्याचं नाव अलीबहादूर दरवाजा. अलीबहादूर हा मस्तानीचा नातू. म्हणजे दप्तरात नातवाचं नाव लागलं आणि लोकांच्या तोंडी आजीचं राहिलं. २०१५ साली त्या दोघांवरचा मोठा हिंदी सिनेमा आला, तेव्हा त्या दरवाज्याशी फोटो काढून घेणाऱ्या मुलींची गर्दी पाहून मला मौज वाटली होती. ज्या बाईला पेशव्यांच्या घरानं स्वीकारलं नाही, तिच्या नावानं पुण्यात लोक दुकानाशी उभं राहून आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध पितात. प्रेमाचा स्वीकार करण्याची आमची ही एक खास रीत.

पण एक पाहा. बाजीराव १७४० च्या एप्रिलमध्ये रावेरखेडीला गेले. मस्तानीही त्याच वर्षी गेली. आणि ज्यांनी त्या प्रकरणाला घरातून विरोध केला होता, ते धाकटे बंधू चिमाजीअप्पा, तेही त्याच वर्षाअखेर गेले. त्यांची समाधी ओंकारेश्वराच्या आवारात आहे. आम्ही मुलं तिच्याभोवती शिवाशिवी खेळत असू. म्हणजे एका माणसावर जीव असलेली दोन माणसं, एकमेकांच्या विरोधात उभी राहिलेली, एकाच वर्षात संपली. यातल्या एकीवर सिनेमा निघाला. भावाच्या प्रेमावर सिनेमा निघत नाही.

मस्तानीच्या कोथरूडच्या महालाचे अवशेष आता शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत, तेही पाहण्यासारखं आहे. बाहेरगावचे पाहुणे महाल बघायला म्हणून तिथे जातात आणि दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, पळ्या बघून दमून बाहेर पडतात. वीस हजारांच्या वर वस्तू. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करणारे गृहस्थ. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. संग्रहालयाला नाव त्याचं. गावोगाव हिंडून, पदरमोड करून जमवलेला तो सगळा संसार १९७५ साली त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. मला स्वतःला त्या इमारतीत मस्तानीच्या महालापेक्षा दारावरची पाटी जास्त बोलकी वाटते.

मस्तानीविषयी आमच्या वाड्यात एका बाईचं ठाम मत होतं. ‘बाजीरावांचा तिच्यावर जीव होता, ते झालंच. पण ती दोघं गेल्यावर त्या शमशेरला वाढवलं कुणी, ते सांगा की!’ शमशेरबहादूर म्हणजे बाजीराव-मस्तानीचा मुलगा. आईबाप गेले तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा. तो पेशव्यांच्या घरातच लहानाचा मोठा झाला, आणि १७६१ साली पानिपतावर लढून, जखमांनी गेला. काशीबाईंनी त्याला आपल्या मायेखाली घेतलं, असं सांगतात. ‘सवतीचं पोर,’ ती बाई म्हणे, ‘आणि तरी वाढवलंन. ह्याला काय म्हणायचं?’

हे विचारणाऱ्या त्या बाई म्हणजे तळमजल्यावरच्या काकू. सगळ्या वाड्याच्याच काकू. या लेखाचा खरा विषय त्याच आहेत.

काकूंचे यजमान १९६० साली गेले. मूलबाळ नाही. वय पंचविशीच्या आतबाहेर. सासऱ्यांनी कधीकाळी भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या, एवढंच काय ते पदरी. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९६१ ला, पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतून पाणी घुसलं, त्यात आमचा तळमजला गेला. मी तेव्हा सहा वर्षांची. आम्हाला सदाशिव पेठेतल्या एका बिऱ्हाडानं अकरा दिवस ठेवून घेतलं. ना ओळख ना देख. त्या घरातल्या बाई पुढे आमच्या ‘पुरातल्या मावशी’ झाल्या. माझ्या लग्नात पहिली अक्षत त्यांच्याकडे गेली. नात्याला नाव नसलं की आपली माणसं चटकन एखादं नाव तयार करतात, आणि एकदा मावशी म्हटलं की मावशीचे सगळे मान आणि मावशीवरचे सगळे रुसवे आपोआप सुरू होतात. काकूही आमच्याबरोबर तिथेच होत्या. परत आल्यावर चिखल उपसला आणि पोटासाठी त्यांनी छापखान्याचे छापील फर्मे घरी आणून घड्या घालायचं काम धरलं. आमच्या पेठांतून छापखाने पुष्कळ; काम मिळे, पैसे बेताचेच.

१९६५ साली वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातलं सहा महिन्यांचं मूल काकूंकडे सांभाळायला आलं. आई शाळेत शिक्षिका, वडील खडकीला कारखान्यात. महिना पंधरा रुपये ठरले. काकू त्याला सोन्या म्हणत. इथंही तेच म्हणू या. काकूंच्या माहेरून, होणाऱ्या बाळासाठी म्हणून, एक चांदीचं बोंडलं आलेलं होतं. ते बाळ झालंच नाही. त्या बोंडल्यानं काकूंनी सोन्याला दूध पाजलं.

तो तीन वर्षांचा झाला तेव्हा काकूंनी एका पहिल्या तारखेला पैसे परत केले. ‘आता नको हो,’ त्याच्या आईला म्हणाल्या, ‘लळा लागलाय त्याला. मलाही लागलाय. आता घ्यायला कसंतरीच होतं.’ ही गोष्ट आईनं मला अनेकदा सांगितली, आणि दर वेळी ‘अगदी बरोबर केलं’ अशा सुरात सांगितली. पंधरा रुपये काकूंना त्या काळी कमी नव्हते. पण वाड्याचा हिशेब असा होता की एखादी गोष्ट ‘करायला’ पैसे घेता येतात. ती ‘लागली’ की येत नाहीत.

सोन्या दोन घरी वाढला. जेवायला खाली, झोपायला वर. नोकरीच्या सुरुवातीला दोन वर्षं कोल्हापूरला होता. तिथून त्याची पत्रं येत, ती काकू वाचून झाली की सगळ्या वाड्याला दाखवत. एकदा माझी आई मायन्यावर बोट ठेवून थांबली. ‘तीर्थरूप काकूंस.’ तीर्थस्वरूप नव्हे. आईनं पत्र घडी करून परत दिलं आणि काही बोलली नाही. काकूंना तो फरक कळला होता की नाही, देव जाणे. पत्र त्यांनी पोथीत ठेवलं होतं, एवढं मी पाहिलं आहे.

काकूंची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दिवाळीच्या सुमारास कर्व्यांच्या संस्थेचे कार्यकर्ते ‘भाऊबीज’ मागायला घरोघर येतात, हे पुणेकरांना ठाऊक आहे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी काढलेली ती संस्था. निधीला त्यांच्या माणसांनी दान म्हटलं नाही, वर्गणी म्हटलं नाही, भाऊबीज म्हटलं. म्हणजे देणारा भाऊ झाला आणि शिकणारी मुलगी बहीण. काकू दरवर्षी दोन रुपये देत, पुढे पुढे पाच. ‘तुम्ही कशा भाऊ?’ म्हणून आम्ही चिडवत असू. ‘भाऊ व्हायला मिशा कशाला लागतात?’ असं त्यांचं उत्तर होतं.

१९९२ साली सोन्याचं लग्न झालं. मुलगी तळेगावची, पतसंस्थेत नोकरी करणारी. तिला पहिल्याच आठवड्यात कळलं, की या घरात सासवा दोन आहेत. सख्ख्या सासूशी तिचं बरं जमलं. काकूंशी बेताचंच. काकू भाजीत गूळ घालत आणि आमटीत मीठ कमी आहे असं दुसऱ्याच्या घरी सांगत. असो. तेही वाड्यात चालतंच.

सोन्याचे आईवडील दोन-तीन वर्षांच्या अंतरानं गेले. आणि २००९ साली काकू मोरीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेसाठी जिथं नेलं तिथं एक फॉर्म पुढे आला. त्यात रकाना होता, ‘पेशंटशी नातं’. सोन्या पेन घेऊन उभाच राहिला. ‘मुलासारखा’ असं लिहिता येत नव्हतं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, सख्ख्या नातेवाइकाची सही लागेल. काकूंच्या दिरांचा मुलगा नाशिकला. त्याचा फोन लागेना. काकू आत कण्हत होत्या. शेवटी सोन्याच्या बायकोनं त्याच्या हातातून पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं, ‘सून’. खाली सही केली. पुढे कुणी काही विचारलं नाही.

मराठीत एक वाक्प्रयोग आहे, तो परभाषकांना समजावून सांगायला मला नेहमी जड जातं. ‘तिनं सासूचं शेवटपर्यंत केलं.’ काय केलं? वाक्यात कर्मच नाही. पण ऐकणाऱ्याला सगळं कळतं. अंग पुसणं, कुशीवर वळवणं, बेडपॅन, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर, गोळ्यांच्या वेळा, रात्री तीनला मारलेली हाक, आणि ‘माझी पेज खारट का?’ हा प्रश्न. प्रेमाच्या ज्या प्रकाराला सर्वांत जास्त दिवस लागतात आणि सर्वांत जास्त पाठ दुखते, त्याला आपल्या भाषेत स्वतंत्र नामच नाही. नुसतं ‘केलं’. आणि वाक्याचा कर्ता बहुतेक वेळा बाई असते, हेही ओघानं आलंच. ‘मुलानं केलं’ असं म्हणतात, तेव्हा बहुधा मुलाच्या बायकोनं केलेलं असतं.

सोन्याच्या बायकोनं काकूंचं सात वर्षं केलं. पहाटे साडेपाचला खाली उतरून सगळं आवरून मग पतसंस्थेत जाई. दिवसभर एक बाई ठेवलेली होती, तिचा पगार सोन्या देई. २०११ साली वाडा पाडायला घेतला, तेव्हा सगळी भाडेकरू मंडळी पांगली. काकू यांच्याबरोबर सिंहगड रस्त्यावरच्या भाड्याच्या घरात गेल्या. २०१४ साली नवी इमारत उभी राहिली, प्रत्येक भाडेकरूला मालकीचा फ्लॅट मिळाला. काकूंचा आणि सोन्याचा समोरासमोर. माझा भाऊही त्याच इमारतीत आहे, त्यामुळे माझं जाणं-येणं असतं. मध्ये एकदा मीच काकूंना उठवून बसवायला गेले, तर एका बाजूला सरकवतानाच माझा दम निघाला. ती बाजूला उभी राहून बघत होती. ‘असं नाही हो ताई,’ म्हणाली, आणि एका हातानं मान, एका हातानं गुडघे धरून क्षणात बसवलं. त्या हातात प्रेम होतं का, ते मला सांगता येणार नाही. सराव होता.

काकूंनी मृत्युपत्र केलं ते त्याच वर्षी. डॉक्टर आणि शेजारचे एक निवृत्त मास्तर साक्षीदार. जानेवारी २०१६ मध्ये काकू गेल्या आणि पाकीट उघडलं. फ्लॅट नाशिकच्या पुतण्याला. सोन्याला चांदीचं बोंडलं. सोन्याच्या बायकोचं नाव कुठेच नव्हतं.

हे काकूंनी मला आधी सांगितलेलं होतं. मी म्हटलं, ‘काकू, अहो, सोन्यानं इतकं केलंय.’ तर म्हणाल्या, ‘खोली सासऱ्यांनी घेतलेली. त्यांच्या घरात गेली पाहिजे. सोन्याला काय द्यायचं मी? त्याचे पैसे मी घेतले नाहीत, त्यानं माझे कशाला घ्यायचे?’ एकोणीसशे अडुसष्ट साली लावलेला हिशेब शेहेचाळीस वर्षांनी त्यांनी तसाच उलटा लावला होता. आणि कायद्याच्याही नकळत तो कायद्याशी जुळत होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार, पतीकडून वारशानं आलेली मालमत्ता, मृत्युपत्र नसेल तर, निपुत्रिक विधवेच्या मागे पतीच्याच वारसांकडे जाते.

सोन्याला खरोखरच काही वाटलं नाही. बोंडलं घेऊन तो लहान मुलासारखा रडला. त्याची बायको रडली नाही. महिन्याभरानं मला म्हणाली, ‘त्यांना ह्यांचा लळा होता, ह्यांना त्यांचा होता. मला नव्हता हो. मी केलं ते करायचं म्हणून केलं. फ्लॅट मला नकोच होता. पण दोघांच्या लळ्यात माझी सात वर्षं कुणी धरलीच नाहीत.’

नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, जुन्या वाड्याच्या ओट्यावर व्हावी तशी, यावर चर्चा झाली. साक्षीदार मास्तर म्हणाले, केलं म्हणून मिळालं असा पायंडा पडला, तर उद्या लोक मिळावं म्हणून करतील. माझी वहिनी तिथल्या तिथे म्हणाली, ‘आणि न मिळण्याचा पायंडा पडला, तर उद्या करणार कोण?’ मास्तरांना उत्तर सुचलं नाही. मी वहिनीच्या बाजूची आहे. काकूंवर माझा जीव होता, पण त्यांच्या हिशेबात लागलेलं तेवढं जमेला धरलं गेलं आणि केलेलं खर्ची पडलं, असं मला वाटतं. एखादी पाटली, एखादं लुगडं, नुसता चिठ्ठीत एक शब्द तरी. त्यांच्या पिढीला सुनेनं करणं हे हवेसारखं होतं. असतं तोवर त्याची दखल घ्यायची नसते. त्या स्वतः विधवा म्हणून सासूचं करून मोकळ्या झालेल्या, त्यांनाही कुणी काही दिलं नव्हतं, हेही खरं.

नाशिकच्या पुतण्यानं फ्लॅट भाड्यानं दिला. वर्षश्राद्ध त्यानं नाशिकलाच केलं, रीतसर, गोदावरीवर. वाईट माणूस नाही तो. त्याला काकूंचा चेहरा मात्र फोटोत बघावा लागला असेल.

२०१७ च्या सर्वपित्री अमावास्येला मी भावाकडे होते. सोन्याकडे दरवर्षी त्या दिवशी आईवडिलांचं असतं. काही निरोप द्यायला म्हणून मी डोकावले तो तर्पण चालू होतं. एकेकाचं नातं, नाव, गोत्र सांगायचं आणि पाणी सोडायचं. वडील झाले, आई झाली, आजे-पणजे झाले, काका, मामा. गुरुजी म्हणाले, ‘आणखी कुणी?’ सोन्यानं काकूंचं नाव सांगितलं. ‘नातं?’ गुरुजींनी विचारलं. सोन्या पुन्हा थांबला, आठ वर्षांपूर्वी फॉर्मपुढे थांबला होता तसाच. गुरुजींना पुढे तीन घरं होती. त्यांनी मानही वर केली नाही. म्हणाले, ‘आप्त म्हणू या. आहे तशी सोय. गोत्र काय त्यांचं?’

सोन्याला माहीत नव्हतं. तो माझ्याकडे बघायला लागला. मलाही सांगता येईना.

आत वडे तळणं चालू होतं. झाऱ्या कढईवर ठेवल्याचा आवाज आला आणि ती आतूनच म्हणाली, ‘वासिष्ठ.’